लोरेटा लिन: १७ डॉलरची गिटार आणि नॅशव्हिलचे कागद

प्रश्न असा आहे: कंट्री गायिका लोरेटा लिनची गोष्ट सगळीकडे एकाच साच्यात सांगतात. नवऱ्याने १७ डॉलरची गिटार आणून दिली, तिने गाणं लिहिलं, दोघांनी गाडीत रेकॉर्डी टाकून रेडिओ स्टेशनं पालथी घातली आणि ती स्टार झाली. हे खरंच इतकं सरळ घडलं का? आणि स्वतःची गाणी लिहून गाणाऱ्या आजच्या मुलामुलींनी त्यातून काय उचलावं?

मी रेकॉर्डिंगच्या धंद्यातला. हल्ली नव्या गायकांचे करार वाचून देण्याचं कामही बरंच करतो, त्यामुळे उत्तर त्या अंगाने येईल. गिटार खरी, गाडी खरी, रेडिओ स्टेशनंही खरी. पण या तिन्हींच्या जोरावर तिला एक हिट मिळाली, कारकीर्द नव्हे. कारकीर्द उभी राहिली ती कंट्री संगीताची राजधानी असलेल्या नॅशव्हिलला सह्या केलेल्या कागदांवर, आणि त्याच कागदांनी पुढे तिच्याकडून जबर वसुली केली. गोष्ट सांगणारे हा भाग गाळतात, कारण त्यात भांडण आहे आणि वकील आहेत.

आधी गोष्टीतल्या एका चुकीचा निकाल लावू. तिचं लग्न तेराव्या वर्षी झालं असं पन्नास वर्षं छापून येत होतं. तिच्या १९७६च्या आत्मचरित्रातही तसंच आहे. २०१२ मध्ये जन्मनोंद समोर आली. तिचा जन्म १४ एप्रिल १९३२चा आणि लग्न १० जानेवारी १९४८चं, म्हणजे वय पंधरा. पंधरा काही मोठं वय नाही, पण गायिकेची गोष्ट विकताना दोन वर्षं इकडची तिकडे करणं ही या धंद्यातली जुनीच खोड. माहेर केंटकीतल्या बुचर हॉलो नावाच्या डोंगराळ वस्तीत. वडील कोळशाच्या खाणीत, ती धरून भावंडं आठ. शनिवारी रात्री रेडिओवर नॅशव्हिलचा ग्रँड ओल ऑप्री हा कार्यक्रम लागायचा, तेवढंच बाहेरचं गाणं. लग्नानंतर नवरा डूलिटल तिला घेऊन पार दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या कस्टर गावी आला. लाकूडतोडीचा मुलूख, कॅनडाची हद्द हाकेच्या अंतरावर. ही हद्द लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. विशी गाठेपर्यंत पदरात चार मुलं.

गिटार आली १९५३ मध्ये. हार्मनी कंपनीची, सिअर्सच्या दुकानातली. रेकॉर्ड निघाली १९६० मध्ये. मधली सात वर्षं गोष्ट सांगणारे एका वाक्यात उरकतात. मला विचाराल तर सगळं तिथेच शिजलं. शिकवायला कोणी नव्हतं. मुलं झोपल्यावर बसून ती स्वतःच सूर लावायला शिकली, आणि दुसऱ्यांची गाणी बसवता बसवता स्वतःची जुळवू लागली. घराबाहेर गायला लागली तीही एकदम कुठल्या मोठ्या मंचावर नाही. आसपासच्या ग्रेंज हॉलमध्ये, म्हणजे शेतकऱ्यांच्या संघटनेच्या सभागृहात, शनिवारच्या नाचाला, आणि गुत्त्यांमध्ये. भाऊ जे ली याला गिटारवर घेऊन तिने ट्रेलब्लेझर्स नावाचा स्वतःचा बँडही काढला. नाचाच्या गर्दीपुढे गाणाऱ्याला एक गोष्ट फार लवकर कळते: दुसऱ्या ओळीपर्यंत शब्द पोचले नाहीत, तर माणसं आपापल्या गप्पांना लागतात. तिची पुढची सगळी गाणी बघा. पहिल्या दोन ओळींत कोण बोलतंय, कोणाशी बोलतंय आणि का चिडलंय हे कळलेलं असतं. ही शिस्त त्या हॉलमधली.

मग टाकोमाला बक ओवेन्सचा टीव्ही कार्यक्रम. हा बक ओवेन्स पुढे कॅलिफोर्नियाचा मोठा कंट्री स्टार झाला, तेव्हा तो वॉशिंग्टनमध्ये रेडिओ-टीव्ही करत होता. त्याच्या कार्यक्रमातल्या स्पर्धेत ती जिंकली, बक्षीस एक मनगटी घड्याळ. तिचं गाणं नॉर्म बर्ली या कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या लाकूड व्यापाऱ्याच्या नजरेत भरलं. हद्दीचा फायदा झाला तो असा: नॅशव्हिल हजारो मैल लांब होतं, व्हँकूव्हर तासाभरावर. बर्लीने झिरो रेकॉर्ड्स नावाचं छोटं लेबल काढलं होतं आणि २ फेब्रुवारी १९६०ला लोरेटाने त्याच्याशी पहिला करार केला.

आता रेकॉर्डिंग. इथे जरा रेंगाळतो, कारण घरी बसून ट्रॅक करणाऱ्या मुलांना हे कळायला हवं. झिरो लहान कंपनी होती, पण बर्लीने काटकसर चुकीच्या जागी केली नाही. तिला हॉलीवूडच्या वेस्टर्न रेकॉर्डर्स स्टुडिओत नेलं, देखरेखीला डॉन ग्रॅशी. साथीला हाताशी असलेला गावचा बँड न घेता लॉस एंजेलिसचे मुरलेले सेशनवाले, म्हणजे स्टुडिओत कामापुरते येऊन वाजवणारे, घेतले: फिडलवर हॅरल्ड हेन्सली, गिटारवर रॉय लॅनम आणि स्टील गिटारवर स्पीडी वेस्ट. पेडल स्टील, म्हणजे पायाच्या पट्ट्या लावलेली स्टील गिटार, रेकॉर्डवर आणणाऱ्या पहिल्या काही वादकांपैकी हा. अचाट फटकारे मारण्याबद्दल तो प्रसिद्ध होता. एका फेरीत चार गाणी झाली.

'आय अ‍ॅम अ हाँकी टाँक गर्ल' हे त्यातलं मुख्य गाणं, तिनेच लिहिलेलं. गुत्त्यात एकटीच पीत रडत बसणारी एक बाई तिने पाहिली होती, त्यावरून सुचलेलं. अडीच मिनिटांच्या आतला मामला. हेडफोन लावून ऐका. स्पीडी वेस्ट तिच्या ओळीखाली जवळजवळ गप्प असतो. ओळ संपली, श्वास घेतला, की त्या फटीत शिरतो आणि पुढची ओळ येण्याआधी बाहेर पडतो. नव्या, अनोळखी गायिकेला सांभाळून घेणारी साथ अशी असते. आवाजाचं म्हणाल तर ती तेव्हा उघड उघड किटी वेल्सची नक्कल करत होती. किटी वेल्स म्हणजे १९५२ मध्ये कंट्रीच्या यादीत एकटीच्या नावावर पहिल्या क्रमांकावर पोचलेली पहिली बाई. तिच्यासारखं गाणं यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं, पण पुढे हेच आडवं आलं.

आता गाडीची गोष्ट. डूलिटलने तिचा फोटो काढला, रेकॉर्ड आणि चिठ्ठीसोबत स्टेशनांना पोस्टाने पाठवला. मग दोघं निघाले. गाडीतच झोपायचं, गाडीतच सँडविच खायचं आणि वाटेत जे स्टेशन लागेल तिथे शिरून डीजेला रेकॉर्ड वाजवायला सांगायचं. हे वाचून लोक म्हणतात, केवढी जिद्द. जिद्द होतीच. पण तेव्हाचा बाजारही समजून घ्या. रॉक अँड रोलच्या लाटेत कंट्री पार मागे हटलं होतं. १९६१च्या गणतीनुसार पूर्ण वेळ कंट्री वाजवणारी स्टेशनं साऱ्या अमेरिकेत अवघी ८१ होती. बाकीची दिवसातले काही तास देणारी. म्हणजे दारं मोजकी होती, आणि दारामागे बसलेल्या माणसाला काय वाजवायचं हे ठरवायची मुभा होती. त्यातच पैसे घेऊन गाणी वाजवण्याच्या प्रकारावर अमेरिकी काँग्रेसमध्ये सुनावण्या चालू होत्या, डीजे मंडळी हबकलेली. अशात पाकीट न आणता, नुसती रेकॉर्ड हातात घेऊन गायिकाच स्वतः दारात आली, तर तिला ऐकून घेणं सोपं गेलं असणार, असा माझा कयास आहे. १९६०च्या उन्हाळ्यात गाणं बिलबोर्ड या संगीत साप्ताहिकाच्या कंट्री यादीत १४व्या क्रमांकावर पोचलं. ती यादी तेव्हा जेमतेम तीस गाण्यांची होती. अनोळखी लेबलच्या अनोळखी गायिकेसाठी चौदावा नंबर म्हणजे चेष्टा नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती ऑप्रीच्या मंचावर गायली. घरच्या रेडिओवर ऐकलेला तोच कार्यक्रम. वडील मात्र १९५९ मध्येच गेले होते. ऑप्रीचं कायमचं सदस्यत्व मिळायला सप्टेंबर १९६२ उजाडलं.

आता कागद.

नॅशव्हिलला तिला हात दिला तो विल्बर्न बंधूंनी, टेडी आणि डॉइल. दोघे स्वतः गायक. त्यांची शुअर-फायर म्युझिक ही प्रकाशन कंपनी, म्हणजे गाण्यांचे हक्क सांभाळणारी, होती, कार्यक्रम लावून देणाऱ्या एजन्सीत भागीदारी होती आणि १९६३ पासून स्वतःचा टीव्ही कार्यक्रमही. लोरेटाला त्यांनी तिन्हीकडे घेतलं. गाणी त्यांच्याकडे, दौरे त्यांच्याकडे, पडद्यावरचा चेहराही त्यांच्याकडे.

डेका या रेकॉर्ड कंपनीशी करार कसा झाला ते बघा, सगळा धंदा त्यात दिसतो. डेकाच्या नॅशव्हिल शाखेचा कर्ताधर्ता ओवेन ब्रॅडली. त्याला लोरेटा नको होती. म्हणाला, ही तर किटी वेल्ससारखीच गाते, आणि किटी वेल्स आमच्याकडे आहेच. पण विल्बर्नांनी ऐकवलेल्या डेमोतलं, म्हणजे नमुन्याच्या रेकॉर्डिंगमधलं, एक गाणं त्याला हवं होतं, 'फूल नंबर वन'. लोरेटासाठी नाही, डेकाच्याच ब्रेंडा ली या गायिकेसाठी. गाण्याचे हक्क शुअर-फायरकडे. डॉइल विल्बर्नने सरळ अट घातली: गाणं हवं तर या मुलीला करारबद्ध करा. ब्रॅडलीने केलं. ब्रेंडा लीने ते १९६१ मध्ये गायलं आणि ते पॉपच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. थोडक्यात, लोरेटा लिन डेकामध्ये शिरली ती तिच्या आवाजावर भाळून कोणी घेतलं म्हणून नव्हे, तर प्रकाशकाच्या हातात दुसऱ्या एका गाण्याचा हुकमी एक्का होता म्हणून. आणि नॉर्म बर्लीने? त्याने तिला झिरोच्या करारातून मोकळं केलं, आडकाठी न घालता. एवढ्या वर्षांत असं वागलेले लेबलवाले माझ्या बघण्यात फार थोडे आहेत.

डेकावरची पहिली रेकॉर्ड पडली. दुसऱ्या वर्षी 'सक्सेस' आलं, ते सहाव्या क्रमांकावर गेलं. पण ते तिचं नव्हतं. मिसूरीतल्या एका शाळेत सफाई कामगार असलेल्या जॉनी मलिन्सचं. नंतरची दोन-तीन वर्षंही बहुतेक हिट गाणी दुसऱ्यांची. लोक समजतात की ती पहिल्यापासून स्वतःचंच गाऊन वर आली. नाही. तिची स्वतःची लेखणी यादीत खऱ्या अर्थाने तळपली ती १९६६ मध्ये. त्या वर्षी व्हिएतनामला गेलेल्या नवऱ्याच्या बायकोचं गाणं आलं, मग 'यू एंट वुमन इनफ' दुसऱ्या क्रमांकावर, आणि दारू पिऊन घरी येणाऱ्या नवऱ्याला दारातून परतवणारं, बहीण पेगी सूबरोबर लिहिलेलं गाणं १९६७च्या सुरुवातीला पहिल्या क्रमांकावर. तोपर्यंत ब्रॅडलीनेही तिचा साज ओळखला होता. गायिका पॅट्सी क्लाइनच्या मागे तो व्हायोलिनांचा ताफा आणि कोरस लावायचा. लोरेटासाठी तो सगळा थाट त्याने बाजूला ठेवला. स्टील, फिडल, कडक ठेका, बस.

पॅट्सी क्लाइनचा विषय निघालाच आहे तर सांगतो. जून १९६१ मध्ये मोटार अपघातात पॅट्सी गंभीर जखमी झाली. कंट्री गायक अर्नेस्ट टब याच्या नॅशव्हिलमधल्या रेकॉर्डच्या दुकानातून शनिवारी मध्यरात्री रेडिओ कार्यक्रम व्हायचा. त्यात लोरेटाने पॅट्सीचं 'आय फॉल टू पीसेस' तिच्या नावाने गायलं. पॅट्सीने ते इस्पितळात पडल्या पडल्या ऐकलं आणि नवऱ्याला पिटाळलं, त्या मुलीला घेऊन ये. पुढची दोनेक वर्षं, मार्च १९६३ मध्ये विमान अपघातात पॅट्सी जाईपर्यंत, ती लोरेटाची थोरली बहीण असल्यासारखी वागली: कपडे दिले, मंचावर कसं वावरायचं ते दाखवलं. लोरेटाने १९६४ मध्ये झालेल्या जुळ्यांपैकी एकीचं नाव पॅट्सी ठेवलं. गंमत म्हणजे प्रकाशकाच्या कागदाने माणूस कसा अडकतो याचं नॅशव्हिलमधलं धडधडीत उदाहरण पॅट्सी स्वतःच होती. १९५४ मध्ये तिने फोर स्टार कंपनीशी केलेल्या करारात अट होती, की तिने फोर स्टारच्याच मालकीची गाणी गायची. सहा वर्षांत एकच मोठी हिट हाती लागली. करार संपला आणि वर्षभरात 'आय फॉल टू पीसेस' आलं.

आता हा प्रकाशक इतका मोठा का, तर पैसा तिथून वाहतो. अमेरिकेत १९०९ पासून १९७७ अखेरपर्यंत कायद्याने ठरलेला दर एकच होता: विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे प्रत्येक गाण्याला दोन सेंट. रिवाजाप्रमाणे त्यातला निम्मा लेखकाला, निम्मा प्रकाशकाला. ४५ आरपीएमच्या छोट्या तबकडीला दोन बाजू, प्रत्येकीवर एक गाणं. मागच्या बाजूचं गाणं कोणी ऐको न ऐको, दोन सेंट त्याच्याही नावावर पडतात. म्हणून मागच्या बाजूला कोणाचं गाणं जातं यावरून भांडणं व्हायची, आणि म्हणून गायकाचा प्रकाशकच त्याचा एजंटही असेल तर मी कान टवकारतो. दुसरा पैसा रेडिओचा, आणि तिथे मामला आणखी विचित्र. अमेरिकेत एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं, तर पैसे लेखक आणि प्रकाशकाला मिळतात. गाणाऱ्याला काही नाही, आजही नाही. म्हणजे लोरेटाने दुसऱ्याचं गाणं गायलं तर रेडिओतून शून्य. स्वतःचं गायलं तर लेखक म्हणून निम्मा वाटा, आणि उरलेला निम्मा शुअर-फायरला.

विल्बर्नांनी तिच्यासाठी काही केलं नाही असं कोणी म्हणू नये. डेका त्यांनी मिळवून दिली, टीव्हीवर आठवड्याला चेहरा दिसत राहिला, दौरे मिळाले. पण एकाच घरात प्रकाशन, एजन्सी आणि टीव्ही असेल तर गायिकेच्या बाजूने भांडायला उरतं कोण? सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिने संबंध तोडले आणि प्रकरण कोर्टात गेलं. वाद वर्षानुवर्षं चालला, गाण्यांचे हक्क तिला परत मिळाले नाहीत. त्याचा परिणाम ऐकू येतो. शुअर-फायरशी बांधील असेपर्यंत लिहिलेलं सगळं त्यांच्याकडे जाणार, म्हणून तिने लिहिणंच कमी केलं. १९७० मध्ये 'कोल मायनर्स डॉटर'सारखं स्वतः लिहिलेलं गाणं देणारी बाई पुढच्या दशकात मुख्यतः दुसऱ्यांची गाणी गाताना दिसते. लोकांना वाटलं झरा आटला. आटला नव्हता, बांध घातला होता.

आपल्याकडे काय, हे विचारलं जाणारच. २०१२च्या दुरुस्तीनंतर भारतीय कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकाराला एक कवच आहे: रॉयल्टीचा आपला वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी (गाण्यांची रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था) सोडून कोणाच्याही नावे करता येत नाही, केला तरी तो टिकत नाही. तरीही माझ्यापुढे येणाऱ्या करारांत "सर्व हक्क, कायमस्वरूपी, साऱ्या जगासाठी" हे कलम हमखास असतं आणि पोरं आनंदाने सही करतात. कायद्याने रॉयल्टी वाचली तरी गाणं कुठे वापरायचं, कोणाला द्यायचं हे ठरवायचा हक्क गेलेला असतो. स्वतः लिहिणाऱ्याने निदान मुदत घालून घ्यावी, जी गाणी अजून लिहिलीच नाहीत ती करारात येऊ देऊ नयेत, आणि सोसायटीचं सदस्यत्व पहिलं गाणं बाहेर पडण्याआधी घ्यावं. कार्यक्रम लावणारा आणि प्रकाशक एकच असेल तर दोन वेगळे कागद मागावेत. एकाची मुदत संपली म्हणून दुसरा आपोआप लांबता कामा नये.

बाकी, एका रेकॉर्डसाठी गाव सोडून फिरावं का? आज स्टेशनांच्या जागी प्लेलिस्ट सांभाळणारी माणसं आहेत, आणि त्यांच्या दारात गाडी लावता येत नाही. मला त्या फेरीपेक्षा आधीच्या सात वर्षांचं अप्रूप जास्त आहे. रेकॉर्डिंगचं सत्र लावण्याआधी गाणं पन्नासेक अनोळखी माणसांपुढे गाऊन बघा, नाचाच्या नाहीतर जेवणाच्या गोंगाटात.

ऐकायचं असेल तर क्रम असा लावा: आधी झिरोची १९६०ची रेकॉर्ड, मग 'सक्सेस', मग १९६६चं 'यू एंट वुमन इनफ'. पहिल्यात किटी वेल्सची सावली स्पष्ट आहे, दुसऱ्यात ती पुसट होते. तिसऱ्यात शब्द तिचे आहेत, हेलही केंटकीचा, आणि स्टील गिटार आता तिला सांभाळून घेत नाही, तिच्याशी वाद घालते.